बांधकाम साइटवरचा मलेरिया: समीकरणं पुरतात की एकेक माणूस मांडावा लागतो?

दर्यादेग

मांडणी अशी: गोव्यातल्या ताळगाव पठारासारख्या जागी बारा मजली इमारतीचं काम चालू आहे. पत्र्याच्या खोल्यांत ८० कामगार, भोवती ६,००० लोकांचा वाडा (वस्ती). (आकडे उदाहरणादाखल.) डास ॲनॉफिलीस स्टिफेन्सी, म्हणजे टाक्या, विहिरी आणि स्लॅबवर क्युअरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवून घट्ट करण्यासाठी) साठवलेलं पाणी यांत वाढणारा. दोन उपायांची तुलना करायची आहे: (अ) दर सात दिवसांनी साइटवरचं साचलेलं सगळं पाणी उपसणं, (ब) नव्या येणाऱ्या प्रत्येक कामगाराचं रक्त तपासणं.

डास अजून घातलेले नाहीत. आधी माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगाचं साधं एसआयआर (लागण होऊ शकणारे, लागलेले, बरे झालेले) दोन्ही पद्धतींनी करून पाहिलं: गटांच्या समीकरणांनी, आणि एकेक माणूस 'एजंट' म्हणून मांडून. आर-नॉट (सुरुवातीला एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो) १.५, संसर्गाचा काळ सरासरी ५ दिवस. समीकरणं सांगतात की शेवटी ५८ टक्क्यांना लागण होते. एजंटवालं मॉडेल मात्र ६७ टक्क्यांवर जातं, आणि तेही सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात असं धरून. वेळेची पायरी एक दिवसाची आहे. बरं होण्याची रोजची शक्यता ०.२ न घेता १ वजा ई चा उणे ०.२ वा घात, म्हणजे ०.१८१ घेतली, कारण दर आणि शक्यता यांची गल्लत करू नये असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

हे नऊ टक्के म्हणजे एजंट पद्धतीने पकडलेलं काही खरं आहे की माझी चूक?

सुरंगी

चूक आहे, पण शिकण्याजोगी. ०.१८१ हे सूत्र बरोबरच आहे. बिघडलंय ते पायरीमुळे.

रोज ०.१८१ शक्यतेने माणूस बरा होत असेल तर तो सरासरी १ भागिले ०.१८१ म्हणजे ५.५२ पायऱ्या आजारी राहतो. खरं तर तो दिवसाच्या मधेच कधीतरी बरा झालेला असतो, पण तुमचा कोड त्याला दिवस संपेपर्यंत संसर्ग पसरवू देतो. म्हणजे आर-नॉट १.५ उरला नाही, १.५ × ५.५२ / ५ = १.६६ झाला. शेवटच्या आकाराचं समीकरण (न लागलेल्यांचा वाटा = ई चा उणे [आर-नॉट × लागलेल्यांचा वाटा] वा घात) १.६६ साठी सोडवा. ६७ टक्केच येतील.

दोन उपाय. पायरी ०.१ दिवसाची करा, मग सरासरी ५.०५ दिवसांवर येते. नाहीतर एक दिवसाचीच पायरी ठेवून बरं होण्याची शक्यता सरळ ०.२ घ्या, सरासरी बरोबर ५ पायऱ्या होते. दुसरा उपाय पुस्तकी लोकांना खटकतो, पण या जागी तो अधिक बरोबर आहे.

हे जुळल्याशिवाय डासांना हात लावू नका. सगळे वेगळेपण बंद केले की एजंट मॉडेलने केर्मॅक-मॅकेंड्रिकच्या १९२७ च्या समीकरणांवर येऊन बसायलाच हवं. बसत नसेल तर पुढे दिसणारा प्रत्येक 'रोचक' निष्कर्ष संशयास्पद.

पोदेर_पहाटे

सुरंगीबायच्या यादीत कोडवाल्याची भर. या चाचणीत कुठला आकडा येतो त्यावरून रोग ओळखता येतो:

९४ टक्के आले तर आर-नॉट ३ झालाय, म्हणजे भेटी दोनदा मोजल्या जाताहेत. 'अ' ची पाळी आली तेव्हा अ-ब भेट झाली, 'ब' ची पाळी आली तेव्हा तीच पुन्हा. दोन्ही दिशांनी संसर्ग तपासला की दर दुप्पट. हे फार होतं.

साथ समीकरणांपेक्षा काही दिवस आधी टोकाला पोचते, पण अंतिम आकडा जवळपास ठीक असतो? मग एजंट जागच्या जागी बदलताय. यादीतल्या १७ व्याला लागण झाली आणि त्याच पायरीत त्याने २३ व्याला दिली: एका फेरीत दोन पिढ्या. जुनी अवस्था एका ॲरेत वाचा, नवी दुसऱ्या ॲरेत लिहा, फेरी संपल्यावर अदलाबदल करा. नेटलोगोत (एजंट मॉडेलांची प्रोग्रामिंग भाषा) 'आस्क' ही आज्ञा दर वेळी क्रम पिसतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. क्रम पिसल्याने पक्षपात जातो, एका फेरीत दोन पिढ्या होणं जात नाही.

आणि काही रनमध्ये (मॉडेल एकदा चालवलं की एक रन) साथ सुरूच होत नाही, तर तो बिघाड नाही. ते रन फेकू नका.

कुळागर

एक जुनी गल्लत या धाग्यातही येऊ घातली आहे. 'समीकरणं की एजंट' या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. पहिला: गट मोजायचे की व्यक्ती? दुसरा: उत्तर ठाम काढायचं की फासे टाकून? कप्प्यांचं, म्हणजे गट मोजणारं मॉडेल फासे टाकूनही चालवता येतं. गिलेस्पीने १९७६-७७ साली रासायनिक अभिक्रियांसाठी दिलेली रीत नेमकी तीच आहे: कप्प्यांत पूर्ण संख्या, पुढची घटना केव्हा आणि कोणती हे दरांच्या प्रमाणात यादृच्छिक. व्यक्ती कुठेही नाही, तरी साथ विझू शकते.

विझण्याचं महत्त्व सांगतो. आर-नॉट १.५ आणि संसर्गाचा काळ घातांकी (रोज बरं होण्याची शक्यता सारखीच) धरला, तर एका रुग्णापासून निघालेली साखळी आपोआप तुटण्याची शक्यता १ / १.५, म्हणजे ६७ टक्के. तीन रुग्ण आले तर ०.६७ चा घन, सुमारे ३० टक्के. ठाम समीकरणांत ही शक्यता शून्य. आता संसर्गाचा काळ प्रत्येकाला बरोबर ५ दिवस ठेवा. आर-नॉट तोच, सरासरी तीच, अंतिम आकार तोच, पण तीन रुग्णांपासून विझण्याची शक्यता ७ टक्क्यांवर येते. सरासरीपलीकडे कालावधीचा आकार नोंदवला नाही, की मॉडेलचं नशीब कोणीतरी नकळत ठरवलेलं असतं.

उलट टोकाचं उदाहरण कोल्ह्यांच्या रेबीजचं. त्या समीकरणांत पहिल्या लाटेनंतर पिसाळलेल्या कोल्ह्यांची घनता १० च्या उणे १८ व्या घाताइतकी (या अपूर्णांकाला 'अॅटो' म्हणतात) खाली जाते आणि तरी तिच्यातूनच दुसरी लाट उठते. मॉलिसनने १९९१ मध्ये त्याला 'अ‍ॅटो-कोल्हा' म्हणून हाणलं होतं. कोल्ह्याच्या एका केसाहूनही कमी उरलेला कोल्हा चावत फिरतो!

दर्यादेग

पायरी ०.१ केली, ५८.४ आले. गिलेस्पीही करून पाहतो. पण मग ६,००० च्या वाड्यासाठी एजंट हवेतच कशाला? कुळागरबाब म्हणतात तसं कप्प्यांतच फासे टाकून भागेल.

कुळागर

वाड्यासाठी भागेल. भागवाच. माणसामाणसांतला फरक आला की लोक लगेच एजंटांकडे धावतात, तेही गरजेचं नसतं. समजा २० टक्के लोकांना ८० टक्के डास चावतात. त्या गटाचा चावण्याचा दर सरासरीच्या ४ पट, बाकीच्यांचा पाव पट. चावा लागण घेतानाही लागतो आणि देतानाही, म्हणून दराच्या वर्गाची (दर × दर) सरासरी ०.२ × १६ + ०.८ × ०.०६२५ = ३.२५. म्हणजे आर-नॉट सरळ ३.२५ पट. हे सांगायला दोन कप्पे पुरले, सहा हजार एजंट नाही लागले.

संपूर्ण गोव्यासाठी (२०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख) महिन्याला किती तपासणी किट लागतील एवढंच विचारायचं असेल, तर ठाम समीकरणंसुद्धा चालतात. कप्पे गुणाकाराने वाढू लागले की मात्र थांबा: ५ अवस्था × २ चावण्याचे गट × ३ वयोगट × १० वाडे म्हणजे ३०० कप्पे, आणि निम्म्यात अर्धाच माणूस.

सुरंगी

आता डास. इथे कप्प्यांची चूक सगळ्यात महाग पडते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

मलेरियाच्या परजीवीला (व्हायवॅक्स आणि फाल्सिपारम या त्याच्या दोन जाती) डासाच्या पोटात पक्व व्हायला वेळ लागतो. मोश्कोव्स्कीच्या हिशेबाने व्हायवॅक्सला १०५ अंश-दिवस (रोजचं तापमान १४.५ अंशांच्या जेवढं वर, त्याची बेरीज), फाल्सिपारमला १११ (१६ च्या वर). २७ अंश तापमानाला व्हायवॅक्स ८.४ दिवस, फाल्सिपारम १०.१. डास रोज ०.९ शक्यतेने जगतो असं धरा. दहा दिवस तग धरणारे ०.९ चा दहावा घात, ३४.९ टक्के. रॉस-मॅक्डोनाल्डच्या, म्हणजे मलेरियाच्या आर-नॉटच्या सूत्रात हाच विलंब असतो.

पण तुम्ही 'संसर्ग झालेला' आणि 'संसर्ग देणारा' असे दोन कप्पे करून मध्ये ०.१ चा दर टाकलात की तग धरणारे ०.१ / (०.१ + ०.१०५) = ४८.७ टक्के होतात (०.१०५ हा रोज ०.९ शक्यतेने जगण्याशी जुळणारा मृत्युदर). कारण घातांकी कालावधीत काही परजीवी पहिल्याच दिवशी पक्व होतात, जे निसर्गात होत नाही. साथीची ताकद बसल्या जागी ४० टक्क्यांनी फुगली.

उपाय म्हणजे कप्प्यांची साखळी. पाच उपकप्पे ठेवले तर ३८.४, दहा ठेवले तर ३६.७. म्हणजे दहा ठेवा, एजंट डासांची गरज नाही. साइटवरचे डास हजारोंनी असतात, आणि एका डासाचं नाव-गाव कळून तुमच्या (अ)-(ब) प्रश्नाला काही मिळत नाही.

शिमगो_२

आडवाट घेतो. रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या रांगेला यातलं काय लावायचं? वाहनं तासाला ४०, फेरी दर १५ मिनिटांनी १२ वाहनं नेते, म्हणजे ४८. (आकडे मनाचे.) प्रवाहाच्या समीकरणात रांग कधी उरतच नाही. धक्क्यावर उभा राहिलेल्याला विचारा!

पोदेर_पहाटे

तिथे ना कप्पे, ना एजंट. घटना-आधारित सिम्युलेशन: आगमन, फेरी सुटणं, बस. सरासरी १५ मिनिटांत १० वाहनं येतात, पण यादृच्छिक आगमनात कधी १६ येतात आणि ४ मागे राहतात, त्यांच्यावर पुढची चढतात. ८३ टक्के भरलेली सेवा आणि शून्य रांग, हे सरासरीने केलेलं सोंग आहे. चालक रांग बघून पुलाकडे वळतो हे घालायचं असेल तरच त्याला एजंट करा. आता मूळ विषय.

दर्यादेग, साइटच्या ८० जणांना मात्र एजंट करा, आणि प्रत्येक पाण्याच्या जागेलाही. कारण तुमचा (अ) उपायच 'सगळं पाणी, दर सात दिवसांनी' असा आहे. तो दरात बदलला की मोडतो. अळीला अंड्यापासून डास व्हायला ८ दिवस लागतात असं धरा (उष्ण हवेत साधारण ७ ते १०).

समीकरणात लोक उपसण्याचं रूपांतर 'रोज १/७ मृत्युदर' असं करतात. मग आठ दिवस वाचणाऱ्या अळ्या ई चा उणे ८/७ वा घात, म्हणजे ३२ टक्के. खरं तर दर सातव्या दिवशी सगळं कोरडं केलं तर एकही अळी आठ दिवसांची होऊच शकत नाही. वाचणाऱ्या शून्य. ३२ आणि शून्य यातला फरक म्हणजे 'उपाय निरुपयोगी' आणि 'उपाय रामबाण' यातला फरक, आणि तो निव्वळ लिहिण्याच्या पद्धतीतून आला.

हवा तापून वाढ ६.५ दिवसांवर आली तर? उपसल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या दिवसात घातलेली अंडी निसटतात: ०.५ / ७, सुमारे ७ टक्के. हे कड्यासारखं वागणं वेळापत्रक वेळापत्रक म्हणूनच मांडल्यावर दिसतं.

सुरंगी

आणि सगळं पाणी कधीच उपसलं जात नाही. प्रत्येक फेरीत १० टक्के जागा यादृच्छिकपणे सुटतात असं धरलं तर आठ दिवसांच्या अळीपैकी ८.७ टक्के वाचतात (७ पैकी ६ अळ्यांच्या वाट्याला एक उपसा येतो, एकीच्या वाट्याला दोन). दर वेळी तीच १० टक्के जागा सुटत असेल तर १० टक्के. सरासरीत फारसा फरक नाही. पण ती जागा लिफ्टचा खड्डा असेल, आणि कामगारांच्या खोल्या तिथून वीस पावलांवर असतील, तर ते १० टक्के डास रात्रभर त्याच ८० जणांना चावतात. डासाची उडी अंतराप्रमाणे घटवा, मग साइटवरचा आणि वाड्यातला आर-नॉट वेगळे होतील.

स्लॅबवरची आळी (क्युअरिंगचं पाणी अडवायला केलेले वाफे) मात्र वेगळी चीज आहे. क्युअरिंग ७ ते १४ दिवस चालतं आणि तोवर पाणी हवंच. म्हणून कोडमध्ये 'उपसा' हा एक आदेश ठेवू नका: आळ्यातलं पाणी बदलणं, खड्डा उपसणं, टाकी झाकणं या तीन वेगळ्या क्रिया, प्रत्येकीची चुकण्याची शक्यता वेगळी. पावसाळ्यात चौथी भर: उपसलेल्या खड्ड्यात संध्याकाळपर्यंत पुन्हा पाणी.

दर्यादेग

(ब) साठी? तपासणीत सापडलेला कामगार बरा केला, कप्पा बदलला, एवढंच ना?

सुरंगी

व्हायवॅक्स असेल तर नाही. यकृतात झोपलेला परजीवी रक्ताच्या काचेवर दिसत नाही. कामगार आला त्या दिवशी निगेटिव्ह, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याचा आजार उलटतो. म्हणून प्रत्येक कामगार-एजंटाला चार गोष्टी द्या: येण्याची तारीख, यकृतात परजीवी आहे की नाही, उलटण्याचं घड्याळ, आणि यकृतातला परजीवी मारणाऱ्या प्रायमाक्विन या औषधाचा १४ दिवसांचा कोर्स (किलोमागे ०.२५ मिग्रॅ) किती दिवस घेतला. साइट बदलली की हे सगळं त्याच्याबरोबर जातं. कप्प्यांत मात्र ते मागे राहतं, तिथेच एजंटांची खरी कमाई आहे: स्मृती. गोव्यात बांधकाम मजुरांना आरोग्यपत्र सक्तीचं आहे, त्यामुळे 'तारीख + तपासणी' ही रचना कागदावर आधीपासून आहेच, मॉडेलने तीच उचलावी.

फाल्सिपारममध्ये झोपलेला परजीवी नसतो, पण डासाला संसर्ग देणारी अवस्था रक्तात यायला आजार सुरू झाल्यावर साधारण दहाएक दिवस जातात. लवकर उपचाराचा फायदा तिथे मोठा. व्हायवॅक्समध्ये ती अवस्था लवकर येते, कधी ताप येण्याआधीच. दोघांना एका कोडमध्ये एकाच अवस्थेने चालवू नका.

वाळपई_कडेन

सत्तरीत माकडतापाचं काय? काजूच्या बागा, माकडं, गोचिडी. तिथे एजंट कोण?

सुरंगी

माकडं. गोचिडी लाखांनी, त्यांना जमिनीच्या चौकोनातली संख्या म्हणून ठेवा किंवा एक एजंट = हजार गोचिडी. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच सुटतात आणि तो तुकडा तापतो. ही घटना एका ठिकाणी, एका दिवशी घडते, म्हणून माकड व्यक्ती हवं. काजूच्या मोसमात माणसं कुठल्या चौकोनात किती तास असतात हे घातलं की झालं. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

कुळागर

एक इशारा, उत्साह फार वाढण्याआधी. एजंट मॉडेलात चाळीस आकडे घालाल आणि जुळवायला तुमच्याकडे दर आठवड्याच्या रुग्णसंख्येची एकच रांग असेल. माणसामागे डास किती आणि डास दिवसात किती वेळा चावतो, हे दोन्ही आकडे आर-नॉटच्या सूत्रात एकत्र येतात (पहिला साधा, दुसरा वर्गात). नुसत्या रुग्णसंख्येवरून ते वेगळे काढता येत नाहीत. डास निम्म्या वेळा चावतात आणि चौपट आहेत: तीच वक्ररेषा. पण मच्छरदाणी चावे कमी करते आणि उपसा डास कमी करतो, त्यामुळे उपायांची तुलना याच न कळणाऱ्या वाटणीवर उभी राहते. म्हणून डासांची मोजणी बाहेरून आणा, नाहीतर दोन्ही टोकं चालवून दाखवा.

पोदेर_पहाटे

रनचा हिशेब. ६,००० माणसं × ३६५ दिवस × १० पायऱ्या = २.१९ कोटी एजंट-पायऱ्या. पायथॉनच्या साध्या लूपमध्ये सेकंदाला दहा लाख धरल्या तर २२ सेकंदांचा एक रन. विझण्याची ३० टक्के शक्यता ±५ टक्क्यांत सांगायला साधारण ३४० रन लागतात, म्हणजे दोन तास. दोन उपाय × ३० मांडण्या म्हणजे पाच दिवस. म्हणूनच वाडा कप्प्यांत आणि फक्त ८० जण एजंट: तोच हिशेब दुपारच्या जेवणाआधी आटपतो.

उपायांची तुलना करताना तीच बीजं (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारे अंक) दोन्हीकडे वापरा, पण एकच यादृच्छिक प्रवाह नको. कामगारांचं आगमन, डासांचे चावे, उपसा चुकणं, तिन्हींना स्वतंत्र प्रवाह. नाहीतर (अ) मध्ये एक फासा जास्त पडला की पुढचे सगळे सरकतात, आणि तुम्ही धोरणांची नाही, गोंगाटाची तुलना करता.

आणि कृपा करून ३४० वक्ररेषांची सरासरी काढून एक रेषा दाखवू नका. एका रनचं टोक ४० व्या दिवशी, दुसऱ्याचं ७० व्या. सरासरीत ठेंगणी, लांबट टेकडी येते, जी एकाही रनमध्ये घडलेली नाही. विझलेले रन वेगळे मोजा, उरलेल्यांची टोकाची उंची आणि टोकाचा दिवस यांच्या पट्ट्या द्या.

दर्यादेग

करतो तसं. वाड्याचे कप्पे आणि साइटचे एजंट यांच्या सीमेवर काय? कप्प्यातला माणूस साइटवर कामाला आला तर?

पोदेर_पहाटे

कप्प्यात पूर्ण संख्या असू द्या, मग त्यातून एक वजा करून एजंट बनवता येतो. अवस्था कप्प्यांच्या प्रमाणात फासा टाकून. परत जाताना त्याची स्मृती पुसली जाते, हा तोटा मान्य करावा लागतो. म्हणून रोज ये-जा करणाऱ्यांना कायमचे एजंटच ठेवा. आणि दर पायरीला एकूण डोकी मोजणारी एक ओळ टाका: ६,०८० ची ६,०७९ झाली की तिथेच प्रोग्राम थांबू दे.

दर्यादेग

प्रायमाक्विनचा कोर्स अर्धवट सोडणारे किती धरू?

सुरंगी

तुमच्याकडे मोजलेला आकडा नसेल तर एक आकडा धरूच नका. ० पासून ५० टक्क्यांपर्यंत दहा-दहाच्या टप्प्याने चालवा आणि (अ)-(ब) चा क्रम कुठे उलटतो ते बघा. उलटतच नसेल तर त्या आकड्यामागे लागू नका.

कुळागर

आणि उलटत असेल तर तो टप्पा इथे टाका. माझा अंदाज तिशीच्या आसपास, पण कोडने सांगू दे.